अक्काची सुई

अक्काच्या सुईच्या दिवशी अण्णा दाढी करायचे. एरवी आठवडा-आठवडा त्यांच्या गालांवर खुंट वाढलेले असत आणि आई कितीही बोलली तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे. पण महिन्यातून एकदा, पुरतं उजाडायच्या आत, ओट्यावरच्या खांबाला आरसा अडकवून, वाटीत गरम पाणी घेऊन ते बसत. साबणाचा फेस ते शेजारच्या पत्र्यावर झटकत. तो थपकन आवाज आला की मला गोधडीतच कळायचं, आज अक्काची सुई. मग चुलीपुढून दुधात मळलेल्या दशम्यांचा वास यायचा, शेंगदाण्याच्या चटणीवर आई तेलाची धार धरायची, आणि ते सगळं एका धुतल्या फडक्यात बांधलं जायचं. त्यातली एक दशमी माझ्यासाठी मागं राहायची. ती मी कधी गरम खाल्ली नाही. ते दोघं बांधावरून दिसेनासे होईपर्यंत मी गोठ्याच्या दारात उभी राहून बघायची. पुढं अण्णा, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला टोपी; मागं अक्का, दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी. आणि माझे हात कोपरापर्यंत शेणात.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण मंदा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आम्ही दोघीच. आमचं गाव प्रवरेच्या काठाला, कोल्हारच्या जवळ. शेतात ऊस, थोडा कांदा, पोटापुरती बाजरी, दावणीला दोन म्हशी. अक्काचं दुखणं घशापासून सुरू झालं होतं. घसा धरला, दोन दिवस ताप आला, बरा झाला, कुणी लक्ष दिलं नाही. मग पंधरवड्यानं पुन्हा ताप चढला आणि तिचे सांधे सुजायला लागले. आज या गुडघ्याला, उद्या त्या घोट्याला, परवा मनगटाला, जणू दुखणं तिच्या अंगात बिऱ्हाड बदलत फिरत होतं. आईनं निरगुडीचा पाला बांधला, एरंडाचं पान तापवून शेकलं. शेवटी अण्णांनी तिला नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि सांगितलं की हा सांध्यांचा ताप सांधे सोडून देतो, पण काळजाला धरून बसतो. पुन्हा घसा धरला, पुन्हा हा ताप आला, तर हृदयाच्या झडपा खराब होतील. म्हणून महिन्याच्या महिन्याला पेनिसिलिनची मोठी सुई, आणि तीही अनेक वर्षं. आमच्या गावाजवळचे डॉक्टर ती सुई द्यायला घाबरत. पेनिसिलिननं कुणी तरी जागच्या जागी गेल्याचं त्यांनी पाहिलं होतं म्हणे. म्हणून मग नगर.

मला यातलं काळीज, झडपा काही कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की अक्काला रोज पेलाभर निरसं दूध मिळतं आणि मला चहा. अक्कासाठी अंडं उकडलं जातं, आणि ते सोलायचं काम माझं. तिनं वाकायचं नाही, पाण्याचा हंडा उचलायचा नाही, धुणं नाही, पळायचं तर नाहीच. त्यामुळं तिच्या वाटणीचं सगळं काम आपोआप माझ्या डोक्यावर आलं. ती उन्हाला पाठ करून ओट्यावर बसायची, उशीच्या अभ्र्यावर पोपट भरायची, आणि मी नदीवरून हंडा घेऊन चढ चढताना तिच्याकडं बघायची. तिचा रंग घरात बसून उजळला होता. शेजारच्या बाया म्हणायच्या, "मंदा कशी केवड्यावानी दिसतीया." माझ्याकडं बघून कुणी काही म्हणत नसे. पण दूध, अंडं, रंग हे सगळं मी सोसलं असतं. मला सोसवत नव्हता तो अण्णांचा हात. आमचे अण्णा कमी बोलणारे. मुलींना जवळ घेणारे नव्हतेच. पण अक्काचं दुखणं आल्यापासून संध्याकाळी रानातून आले की हात-पाय धुवायच्या आधी ते तिच्या शेजारी टेकायचे आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारायचे, "आज कसं हाय गं?" एवढंच. त्या चार शब्दांसाठी मी तेव्हा काय दिलं नसतं!

सुईच्या दिवशी ती दोघं दिवेलागणीला परत यायची. अक्काच्या अंगाला एसटीचा, स्पिरिटचा आणि परगावचा वास यायचा. कधी कागदात बांधलेली भेळ, कधी दोन पेढे. तो पुडा माझ्या हातात देऊन ती भिंतीला टेकून उभीच राहायची, बसायची नाही. मग सांगायची, कापड बाजारात कसल्या साड्या टांगल्या होत्या, सिनेमाच्या फलकावरची बाई किती मोठी होती, नगरच्या आत्यानं कसा चहा केला. मी भेळ खात ऐकायची आणि प्रत्येक घासाला माझा जीव जळायचा. दुसऱ्या दिवशी ती लंगडत चालायची. मला वाटायचं, नखरे. एक सुई टोचली तर माणूस दोन दिवस लंगडतं होय? गावातल्या शाळेत देवीची लस टोचायला आले होते तेव्हा मी हूं की चूं केलं नव्हतं.

एकदा मी स्वतःच गुडघा धरून बसले. अण्णा रानातून यायच्या वेळेला बरोबर ओट्यावर, अक्काच्या जागी. चेहरा कसा करायचा हे मी तिचंच बघून शिकले होते. अण्णा आले, थांबले. "काय झालं?" मी म्हटलं, "गुडघा दुखतोय, सुजलाय." त्यांचा चेहरा एकदम असा उतरला की मला क्षणभर फार बरं वाटलं. ते खाली बसले, माझा गुडघा दोन्ही हातांत धरला. तेवढ्यात आतून आई आली. तिनं नुसतं बघितलं. "दुपारी चिंचंवर चढली हुती ती. म्याच उतरवलीया." अण्णांनी हात काढून घेतला. रागावले नाहीत. उठले आणि हात-पाय धुवायला गेले. आईनं मात्र तव्यावर मीठ तापवून फडक्यात बांधलं आणि त्या धडधाकट गुडघ्याला असा चटका दिला की पुढं आठ दिवस मी मांडी घालून जेवले नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या उसाला तोड आली. ज्यांचा ऊस आहे त्यांना सांगायला नको, कारखान्याची तोड आली की घरातलं माणूस मेलं तरी रडायला सवड नसते. बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन फडात उतरल्या, पाचटाचा सळसळाट, कोयत्यांचे आवाज, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचे आवाज, आणि अण्णा पहाटेपासून फडात. अक्काची सुई त्या महिन्यात राहिली. पुढच्या महिन्यात अण्णांच्या पायात उसाचं धसकट घुसलं, पाय पिकला, तेव्हाही राहिली. आई म्हणाली, "आता बरी हाय की ती. जाऊ दे एक डाव." मला आठवतं, अक्का तर खुशीत होती. अभ्र्यावरचा पोपट तिनं त्याच दिवसांत पुरा केला. आणि मी तिच्याहून खुशीत होते. दोन महिने नगर नाही, भेळ नाही, लाल रिबिनी नाहीत. आम्ही दोघी एका पातळीवर आलो, असं मला वाटलं.

मग आधी माझा घसा धरला. मला तो दर थंडीत धरायचाच, मी मिठाच्या गुळण्या करून मोकळी. नंतर अक्काचा धरला. आणि पंधरा-वीस दिवस गेल्यावर एका सकाळी तिला अंथरुणातून उठता येईना. दोन्ही गुडघे नारळाएवढे. अंगाला हात लावू देईना, गोधडीचं ओझंसुद्धा तिला सोसेना. चार पावलं टाकली की धाप. अण्णांनी तिला दोन्ही हातांवर उचलून उसाच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचटावर निजवलं. आई म्हशी सोडून येऊ शकत नव्हती. "हिला घेऊन जावा," ती माझ्याकडं बोट दाखवत म्हणाली. "आत्याबाईच्या घरी ऱ्हाईल, डबा तरी नेईल." मी नगरला अशी गेले. आयुष्यात पहिल्यांदा. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी असूनही सांगते, कोल्हारच्या स्टँडवर एसटीत चढताना माझ्या पोटात आनंद मावत नव्हता. अक्का अण्णांच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होती, आणि मी खिडकीतून राहुरी बघत होते.

डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे एक दुमजली घर होतं. खाली तपासायची खोली, वर पाच-सहा खाटा, मागं अंगणाला लागून एक अंधारी खोली, तिथं एक बाई काचेच्या बश्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसायच्या. डॉक्टर पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, आवाज मात्र मोठा. त्यांनी अक्काच्या छातीला नळी लावली, पुन्हा लावली, कुशीवर वळवून लावली. मग अण्णांवर जे ओरडले ते खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

"दोन महिने! ऊस पुढच्या वर्षी पुन्हा येतो हो. हिची झडप येणार आहे का?"

आमचे अण्णा, ज्यांना गावात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, टोपी हातात घेऊन उभे होते. "चुकलं साहेब," ते म्हणाले. "आता काय ते करा."

मी आत्याच्या घरून दोन वेळा डबा नेत होते. अक्काला वरण-भात, अण्णांना भाकरी आणि पिठलं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी डबा ठेवून काहीतरी बोलले, तेव्हा डॉक्टर वळून माझ्याकडं बघायला लागले. "हिचा आवाज का बसलाय?" मी म्हटलं, "घसा दुखत होता. आता बरा आहे." "अंथरुण कुणाजवळ असतं तुझं?" "अक्काजवळ. एकाच गोधडीत." त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चमच्यानं जीभ दाबली, बॅटरी घशात धरली, आणि काडीला गुंडाळलेला कापूस आत असा फिरवला की मला उमासा आला. तो कापूस त्या मागच्या खोलीत गेला. मला फार महत्त्व आल्यासारखं वाटलं. माझ्यासाठी डॉक्टरांनी हात धुतले होते!

दोन दिवसांनी त्यांनी अण्णांना आणि मला त्या खोलीत बोलावलं. बाईंनी एक काचेची बशी उजेडासमोर धरली. आत रक्तासारखा लाल थर, खरंच मेंढीचं रक्त मिसळलेला, आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. प्रत्येक ठिपक्याभोवती लाल रंग पुसून निघाल्यासारखं कडं. आणि एका बाजूला पांढऱ्या कागदाची छोटी टिकली ठेवलेली. त्या टिकलीच्या आजूबाजूला मात्र एकही ठिपका नव्हता. झाडलेलं अंगण जसं.

"हे तुझ्या घशातले," डॉक्टर म्हणाले. "साखळीनं राहतात, म्हणून त्यांचं नाव तसलंच आहे. आणि ही टिकली पेनिसिलिनची. बघ, कसे लांब राहिलेत."

अण्णा बराच वेळ बशीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, आमचा चुलता टीबीनं आजारी हुता, त्याला येगळी सुई द्यायचे. शेजारच्या सोपानला मुदतीचा ताप आला तवा येगळ्या गोळ्या. ह्यो पेनिसिलिन समद्याला का चालत न्हाई?"

डॉक्टरांना हा प्रश्न आवडला असावा. त्यांचा आवाज खाली आला. "उसावरची कीड आणि कांद्यावरची कीड एकाच औषधानं जाते का? तसंच हे. हे घशातले जंतू पेनिसिलिनला टिकत नाहीत. गळवातले जंतू आता त्याला दाद देईनासे झालेत. मुदतीच्या तापाचे, म्हणजे टायफॉइडचे, त्याला जुमानतच नाहीत, त्यांना क्लोरॅम्फेनिकॉल लागतं. आणि टीबीला स्ट्रेप्टोमायसिन, बरोबर दुसऱ्या गोळ्या. जंतू ओळखल्याशिवाय औषध म्हणजे अंधारात काठी फिरवणं."

"म्हंजी," अण्णा हळू म्हणाले, "मंदाला हे हिच्यापासनं...?"

माझ्या कानशिलांत ऊब चढली. डॉक्टरांनी मान हलवली. "हिच्यापासून तिला, तिच्यापासून हिला, शाळेतून दोघींना. कोण सांगणार? असं कुणाच्या माथी मारू नका. हिचा घसा साफ करू या, म्हणजे झालं. सुई देऊन टाकतो."

आणि मी काय सांगू, तेवढं सगळं ऐकूनही माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की आता मलाही सुई. अक्काची तीच सुई, अण्णांच्या समोर. मी न विचारता बाही वर केली. नर्सनं आधी हातावर कातडीच्या खाली थेंबभर औषध घालून बघितलं, तशी रीतच होती, आणि आम्ही बाकावर थांबलो. थोड्याच वेळात तिथं खाज सुटली. मग चवलीएवढी, मग रुपयाएवढी लालभडक गांध उठली, आणि मानेवर, पोटावरही पित्त उठायला लागलं. डॉक्टर धावत आले. मला कुठलीशी दुसरीच सुई दिली, खाटेवर निजवलं, नाडी धरून बसले. सगळं उतरल्यावर ते अण्णांना म्हणाले, "हिला पेनिसिलिन नाही. आयुष्यात कधीच नाही. कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तर आधी हे सांगायचं." मला दिल्या त्या एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या. मी भिंतीकडं तोंड करून रडले. सगळ्यांना वाटलं, घाबरली पोर. मी रडत होते कारण अक्काचं एवढंसुद्धा माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

पुढं लग्नानंतर श्रीरामपुरात आमचं औषधांचं दुकान झालं. यजमान गेल्यावर मुलगा बघतो, पण संध्याकाळी मी गल्ल्यामागं बसतेच. पेनिसिलिनचं कुळ जंतूला स्वतःभोवतीची भिंत बांधू देत नाही. एरिथ्रोमायसिन त्याला लागणारी प्रथिनं तयार होऊ देत नाही. सल्फाच्या गोळ्या त्याचं पोषण तोडतात. हे सगळं मला नंतर, यजमानांच्या पुस्तकांतून कळलं. सर्दीला अँटिबायोटिक मागणारी माणसं रोज येतात, दोन गोळ्या द्या, चार द्या म्हणतात. मी देत नाही. आमची सून म्हणते, सासूबाई, गिऱ्हाईक तोडता तुम्ही. तोडते.

तर त्या गोळ्या घेऊन मी वर गेले, आणि अक्कानं त्या बघितल्या. ती उशीला टेकून बसली होती, सूज उतरत आली होती. "ह्या काय?" मी सांगितलं, मला सुई चालत नाही, म्हणून गोळ्या. ती माझ्या हातातल्या पुडीकडं बघत राहिली. मागून डॉक्टर आले तेव्हा तिनं विचारलं, अगदी बारीक आवाजात, "डॉक्टर, मग मलाबी गोळ्याच द्या की. सुई नको."

"तुला सुईच."

"पन गोळ्या असत्यात ना माज्या दुखण्याला?"

"असतात. रोज घ्याव्या लागतात, वर्षानुवर्षं, एक दिवस न चुकता. तुमच्या घरी दोन महिने सुई चुकली, तिथं रोजची गोळी कोण सांभाळणार? सुई टोचली की महिनाभर मला घोर नाही."

"म्या सांभाळीन."

"नाही," डॉक्टर म्हणाले. कठोरपणे नाही, पण त्यात पुढं बोलायला जागा नव्हती. "ही दुसरी खेप आहे बाळ. तिसरी मला नको आहे."

ते गेले. अक्का माझ्याकडं वळली. तो चेहरा मी ओळखला. आरशात कधी बघितला नव्हता, पण आतून मला तो पाठ होता. ओठ घट्ट, डोळे पुडीवर. अक्काला माझा हेवा वाटत होता.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली, "म्हंजी घरातच हुतं व्हय." अण्णा तिच्यावर खेकसले, डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, पण ते वाक्य निघून गेलं ते गेलंच. तरीही गोळ्या चालू होत्या तोवर आई दर वेळी स्वतः पाणी घेऊन माझ्यापुढं उभी राहायची. गोळ्यांनी पोटात ढवळायचं म्हणून मला आधी दूध-भाकरी. अक्काच्या शेजारी बसून मी तिच्याइतकंच दूध पीत होते. इतके महिने ज्यासाठी जळले ते समोर आलं होतं, पण ते दूध मला गोड लागलं नाही. अक्का तिचा पेला तसाच ठेवून माझ्याकडं बघायची.

एका दुपारी आम्ही दोघी नदीच्या उतारावर बसलो होतो. तिला तेवढं चालायची परवानगी मिळाली होती. खाली धोबीघाटाच्या बाजूला बाया वाळवणाची लुगडी गोळा करत होत्या. गावातल्या पोरी वाळूत शिवणापाणी खेळत होत्या, मला हाका मारत होत्या. मी उठले, तिनं माझा परकर धरला.

"एक सांगू? रागावशील."

"सांग."

"तू हंडा घिऊन पळत यीतीस ना चढावरनं, तवा मला वाटायचं, हिचा पाय मोडावा." ती माझ्याकडं बघत नव्हती. "लई डाव वाटायचं. देवाला म्हनलंबी हुतं एकदा."

मी तिच्याशेजारी खाली बसले. मला राग यायला हवा होता. पण माझ्या तोंडून निघालं, "आणि मला वाटायचं, तुझ्यासारखा रोग व्हावा. मी पण देवाला सांगितलं होतं."

"याडी हायस का?" ती ओरडली. "काय मिळतंय गं त्यात?"

"अण्णा विचारतात तुला. रोज."

ती म्हणाली, "अण्णा इचारत्यात तवा त्यांच्या तोंडाकडं बघितलंयस कधी? त्यांना 'बरं हाय' ऐकायचं असतंय. मी बरं हाय म्हंती. सुई टोचत्यात ना, ती सुई न्हाई गं, खिळा असतोय. औषध चुन्यावानी दाट, सरता सरत न्हाई. आतून कुनीतरी पिळल्यावानी हुतंय. आन् अण्णा पडद्याआड हुबे. एकदा मी वराडली, तर भायेर आली तवा अण्णा बाकावर बसून रडत हुते. टोपीत तोंड घालून. तवापासनं मी तोंडातून आवाज काढला न्हाई."

अण्णा रडले होते. तेही अक्काच्याच वाट्याला आलं होतं, हे मनात आलंच. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीही आलं. आजही येतं. अण्णा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी अक्काच होती, मी श्रीरामपुराहून पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ती म्हणाली, शेवटपर्यंत शुद्धीवर होते. मी मान हलवली, आणि मनात आलं, हेही तिच्याच वाट्याला. माणूस म्हातारं होतं, हे होत नाही.

महिना भरला. माझा घसा पुन्हा तपासायचा होता म्हणून या खेपेला मीही नगरला जाणार होते. आदल्या दिवशी संध्याकाळी अण्णा तिच्या शेजारी टेकले, गुडघ्यावर हात ठेवला, आणि अक्का म्हणाली, "अण्णा, तुमी नका येऊ उद्या. मी आन् कुसुम जाऊ."

"दोघीच?"

"एसटी कोल्हारला बसायचं, नगरला उतरायचं. आत्या येती स्टँडवर."

आई चुलीपुढून म्हणाली, "पोरीबाळीचं एकटं..." पण अण्णांनी अक्काकडं आणि मग माझ्याकडं बघितलं, आणि ते म्हणाले, "जाऊ दे." मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. आम्ही दोघी त्या सकाळी बांधावरून निघालो. ती मधून मधून दम घ्यायला थांबायची, मी थांबायची. एसटीत राहुरी गेल्यावर तिचे हात गार पडले होते.

दवाखान्यात आधी मला बोलावलं. कापूस घशात फिरवला आणि आत नेला. निकाल नंतर आत्याकडून कळला, घसा साफ होता. मग अक्काला आतल्या खोलीत नेलं. नर्सनं पडदा ओढला आणि मला म्हणाली, "तू बाहेर थांब." अक्का म्हणाली, "ती आत ऱ्हाईल." नर्सला ते नवीनच होतं, पण तिनं मला येऊ दिलं. अक्का पालथी निजली. मी तिच्या डोक्याशी उभी राहिले, तर तिनं माझा हात ओढून मला खाटेवरच बसवलं, उशाशी, तिचं तोंड माझ्या मांडीजवळ येईल असं. नर्सनं बाटलीतली पांढरी भुकटी पाण्यात मिसळून हलवली. तिचा खरंच चुना झाला. सुई जाडजूड होती, एवढी जाड मी नंतर माणसासाठी क्वचितच बघितली. ती आत गेली, नर्सनं दट्ट्या दाबला, औषध हळूहळू सरकायला लागलं, आणि अक्का ओरडली.

ती अशी ओरडली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली असतील. "आई गंऽऽ" म्हणून, "मेले गंऽऽ" म्हणून, पोटातून, इतक्या महिन्यांचं एकदम. तिची नखं माझ्या मनगटात रुतली. दात माझ्या परकरात. मी तिचं डोकं धरून ठेवलं होतं. मला तिला गप्प बस म्हणावंसं वाटलं नाही. ओरड, अक्का, असंच मी म्हणत होते, ओरड. नर्सनं सुई काढली, कापूस दाबला आणि घाम पुसला.

"अगं, इतके दिवस येतेस, एक वेळ सोडली तर तोंडातून कधी शब्द नाही. आज काय झालं तुला?"

अक्कानं तोंड वर केलं. नाक-डोळे वाहत होते, रिबीन सुटली होती, चेहरा सुजल्यासारखा झाला होता.

"आज माजी बहीन आलीया," ती म्हणाली, आणि पुन्हा माझ्या मांडीत तोंड घालून, कुणाची पर्वा न करता, मोठ्यानं रडायला लागली.